पूल काढून घेतल्यावर

१८ मार्च २०१४ रोजी ओरॅकलनं जावाची आठवी आवृत्ती जाहीर केली. लॅम्डा, स्ट्रीम्स, तारीख-वेळ हाताळण्याची नवी रचना, अशा कितीतरी गोष्टींची प्रोग्रामर मंडळी वर्षानुवर्षं वाट पाहत होती. त्या सगळ्या या आवृत्तीत आल्या. एक जुनी गोष्ट मात्र गेली. १९९७ पासून जावाबरोबर मिळणारा 'जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिज' या आवृत्तीतून काढून टाकला होता. ब्रिजवर विसंबलेला एखादा जुना, बिनतक्रार चालणारा प्रोग्राम नव्या जावावर सुरू केला, की 'क्लास नॉट फाउंड' अशी चूक दाखवून तो थांबायचा. बिलं, हजेरी, साठ्याच्या नोंदी, सगळं डिस्कवर होतं तसंच होतं. फक्त तिथवर पोचायची वाट बंद झाली होती.

प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मधोमध बसणाऱ्या या सॉफ्टवेअरकडे एरवी कुणाचं लक्ष नसतं. त्याला पडदा नसतो, बटणं नसतात, वार्षिक खरेदीच्या यादीत त्याचं नाव नसतं. त्याची आठवण होते ती ते बंद पडल्यावर.

ते मुळात का लागलं, हे आधी पाहायला हवं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेटाबेस विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची जोडणीची पद्धत वेगळी होती. ओरॅकल आणि सायबेस दोघांनाही एसक्यूएल ही प्रश्न विचारायची भाषा समजे, पण एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी बोलू शकत नसे. १९८९ मध्ये काही कंपन्यांनी मिळून 'एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप' स्थापन केला आणि सामाईक पद्धत ठरवायला घेतली. त्या कामाच्या पायावर मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं. पुढे १९९५ मध्ये त्याच मूळ कामातून एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा एक भागही तयार झाला. रचना अशी, की प्रोग्रामनं ठरलेल्या नावांची फंक्शनं वापरायची, मधल्या 'ड्रायव्हर मॅनेजर'नं योग्य तो ड्रायव्हर शोधायचा आणि ड्रायव्हरनं दुभाष्यासारखं ते म्हणणं त्या त्या डेटाबेसला समजावून सांगायचं. डेटाबेस बदलला तर दुभाषी बदला, प्रोग्रामला हात लावायची गरज नाही. निदान कल्पना तरी अशी होती.

फेब्रुवारी १९९७ मध्ये जावाच्या १.१ या आवृत्तीसोबत जेडीबीसी, म्हणजे डेटाबेसशी जोडणीची जावाची स्वतःची पद्धत, आलं, तेव्हा एक पेच उभा राहिला. ओडीबीसीचे ड्रायव्हर जवळजवळ प्रत्येक डेटाबेससाठी तयार होते. शुद्ध जावात लिहिलेले ड्रायव्हर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून जावाची तेव्हाची मालक सन मायक्रोसिस्टिम्स आणि इंटरसॉल्व्ह या कंपन्यांनी मिळून ब्रिज तयार केला. जावातून आलेली प्रत्येक विनंती तो ओडीबीसीच्या भाषेत बदलून पुढे पाठवी. ही तात्पुरती सोय आहे, दुसरा ड्रायव्हर मिळत नसेल तरच वापरा, असं सननं आपल्या कागदपत्रांत लिहूनही ठेवलं होतं.

ही तात्पुरती सोय १७ वर्षं टिकली. त्याचं मुख्य कारण मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांचे चांगले जावा ड्रायव्हर लवकरच आले, पण मायक्रोसॉफ्टनं ॲक्सेससाठी कधीच जावा ड्रायव्हर दिला नाही. आणि लहान कार्यालयांत तर ॲक्सेसच असे. आपल्याकडे आणखी एक कारण होतं. संगणकशास्त्राच्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत जावा-डेटाबेस जोडणीचा प्रयोग याच जोडीवर शिकवला जाई. कंट्रोल पॅनेलमध्ये जा, डीएसएन (जोडणीचं नोंदवलेलं नाव) तयार करा, ॲक्सेसची फाइल निवडा, मग ब्रिजचा ड्रायव्हर लोड करा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या प्रयोगवह्यांत या पायऱ्या आहेत. शिकताना हाताला पडलेलं वळण पुढे नोकरीतल्या कोडमध्येही उतरतं.

ब्रिज जाणार ही गोष्ट लपवलेली नव्हती. सातव्या आवृत्तीच्या काळातच तशी सूचना होती. तरी अनेकांना ती कळली नाही, आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. जावाच्या जुन्या शैलीत ड्रायव्हरचं नाव अवतरणचिन्हांत, निव्वळ अक्षरांची ओळ म्हणून लिहिलेलं असे. कित्येकदा ते कोडमध्येही नसे, वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असे. कंपायलर त्या अक्षरांचा अर्थ लावत नाही. त्यामुळे जुना कोड जावा ८ मध्ये एकही तक्रार न करता कंपाइल होई आणि प्रत्यक्ष चालवल्यावरच पडे. प्रोग्राम जावाच्या कोणत्या अंतर्गत भागांवर अवलंबून आहे हे सांगणारं 'जेडेप्स' नावाचं साधन याच आठव्या आवृत्तीत आलं, पण अवतरणातलं नाव त्यालाही दिसत नाही. ज्यांनी फक्त कंपाइल करून 'सगळं ठीक आहे' असा निर्वाळा दिला, ते प्रामाणिक होते. त्यांची चाचणी मात्र चुकीच्या जागी होती.

मग पर्याय शोधणं सुरू झालं. डेटाबेसला स्वतःचा जावा ड्रायव्हर असेल, तर काम दोन ओळींचं. ड्रायव्हरची फाइल जोडायची आणि जोडणीचा पत्ता बदलायचा. ॲक्सेससाठी 'यूकॅनॲक्सेस' हा मुक्त स्रोत ड्रायव्हर उपयोगी पडला. तो ॲक्सेसची फाइल 'जॅकसेस' या लायब्ररीनं वाचतो आणि 'एचएसक्यूएलडीबी' या छोट्या जावा डेटाबेसमध्ये तिची प्रत उभी करून तिच्यावर प्रश्न चालवतो. ही प्रत मुळात मेमरीत राहते, त्यामुळे फाइल मोठी असेल तर पहिली जोडणी रेंगाळते. ती डिस्कवर ठेवण्याची सोय आहे, पण ती आहे हे आधी माहीत असावं लागतं. ब्रिटनमधल्या इझीसॉफ्टसारख्या कंपन्या स्वतःचा ब्रिज पैसे घेऊन देतात, तोही एक मार्ग. काही जणांनी जावा ७ मधून ब्रिजचे क्लास आणि त्याची डीएलएल उपसून जावा ८ मध्ये बसवली. असं केल्यावर ब्रिज चालतो, हेही खरं. पण ज्या तुकड्याची जबाबदारी आता कुणाचीच नाही, तो रोजच्या व्यवहारात वापरत राहणं म्हणजे पुढच्या प्रत्येक जावा अद्यतनाला धास्तावून राहणं. कुणी जावा ७ वरच थांबले. त्या आवृत्तीची सार्वजनिक सुरक्षा अद्यतनं एप्रिल २०१५ मध्ये संपली. थांबायचंच असेल, तर तो प्रोग्राम नेटवर्कपासून तोडलेल्या आभासी यंत्रात ठेवणं एवढाच शहाणा मार्ग उरतो.

इथवरची अडचण निदान स्वच्छ आहे. ड्रायव्हर नाही म्हणून प्रोग्राम चालत नाही, आणि नवा बसवला की चालतो. खरं अवघड काम पुढे असतं. जुना ड्रायव्हर अनेक गोष्टी न सांगता करत असतो, आणि प्रोग्राम त्या गृहीत धरून लिहिलेला असतो. या सवयी कोणत्याही पुस्तिकेत एका जागी लिहिलेल्या सापडत नाहीत. नव्या ड्रायव्हरवर प्रोग्राम चालतो, चूक दाखवत नाही, आणि आकडे मात्र वेगळे येतात. याची सगळ्यात बोलकी उदाहरणं बोर्लंडच्या डेटाबेस इंजिनच्या इतिहासात आहेत.

बोर्लंडनं १९८७ मध्ये अन्सा सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर पॅरॅडॉक्स हा डेटाबेस बोर्लंडकडे आला. पॅरॅडॉक्सच्या घराण्यातून पुढे 'बोर्लंड डेटाबेस इंजिन', म्हणजे बीडीई, वाढलं. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रोग्राम बनवण्याची बोर्लंडची डेल्फी ही प्रणाली बाजारात आली ती बीडीई घेऊनच. फॉर्मवर टेबल ठेवा, ग्रिड ठेवा, दोन्ही जोडा आणि डेटा समोर दिसू लागे. त्या काळी हे विलक्षण होतं, आणि दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत अनेकांनी आपली सॉफ्टवेअरं त्यावर उभारली.

बीडीईचं वय मात्र लवकर जाणवू लागलं. पॅरॅडॉक्सची टेबलं अनेक जण एकाच वेळी वापरत असतील, तर कुणी काय उघडलंय याची नोंद 'पीडॉक्सयूएसआरएस.नेट' नावाच्या फाइलमध्ये ठेवली जाई, आणि ती फाइल मूळ मांडणीत सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर असे. विंडोज व्हिस्टानं सामान्य वापरकर्त्याला तिथं लिहायची मुभा काढून घेतली, आणि दहा-दहा वर्षं चाललेले प्रोग्राम परवानगीअभावी अडले. दुसरा दोष तर आणखी चक्रावणारा. डिस्कवरची मोकळी जागा ४ गिगाबाइटच्या पटीच्या अगदी जवळ असली, की बीडीई 'डिस्कवर जागा नाही' असं सांगे. इंजिन लिहिलं गेलं तेव्हा एवढी जागा कुणाकडे नव्हतीच. त्यामुळे मोजणारा आकडा भरून पुन्हा शून्याजवळ येतो, हा प्रश्न कुणापुढे आला नव्हता. प्रोग्राम आज चाले, उद्या अडे, परवा कुणी चार फाइली पुसल्या की पुन्हा चाले. काहींनी त्यावर छोटे प्रोग्राम लिहिले. ते मोकळी जागा तपासत आणि गरज पडली तर एखादी रिकामी फाइल टाकून तो आकडा हलवत. निवृत्त होऊ घातलेल्या सॉफ्टवेअरची अशी शुश्रूषा अनेक वर्षं चालली.

बीडीई ३२ बिटचंच राहिलं. २०११ मध्ये डेल्फीला ६४ बिटचा कंपायलर मिळाला, पण बीडीई त्यात येऊ शकलं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये डेल्फीची नवी मालक एम्बार्काडेरो हिनं 'एनीडॅक' ही जोडणीची लायब्ररी विकत घेऊन 'फायरडॅक' या नावानं आणली, आणि २०१४ च्या एक्सई७ आवृत्तीपासून बीडीई मूळ संचातून वगळलं. ज्यांना हवं त्यांनी ते वेगळं उतरवून घ्यायचं. बदल सोपा व्हावा म्हणून 'रीफाइंड' नावाचं साधनही दिलं. ते कोडमध्ये टी-टेबलच्या जागी टी-एफडी-टेबल, टी-क्वेरीच्या जागी टी-एफडी-क्वेरी अशी नावं बदलत जातं. एका दुपारी हजारो ओळी बदलून होतात.

आणि मग एखाद्या पडद्यावर 'एकूण नोंदी ५०' असं दिसतं.

टेबलात हजारो नोंदी असतात. तरी ५० का? फायरडॅक मुळात मागणीनुसार, ५०-५० च्या तुकड्यांत नोंदी आणतं, आणि नोंदींची संख्या विचारली तर आतापर्यंत आणलेल्यांची सांगतं. पॅरॅडॉक्सच्या टेबलावर बीडीई त्याच प्रश्नाला पूर्ण संख्या सांगत असे. दोघांपैकी कुणीही चूक नाही. दूरच्या सर्व्हरवरच्या लाखो नोंदी उगाच ओढून न आणणं हा फायरडॅकचा समंजसपणाच आहे, आणि पूर्ण संख्या हवी तर तशी सेटिंग आहे. पण जुन्या प्रोग्रामनं त्या संख्येवर एखादी सरासरी काढली असेल, तर चुकीचा आकडा अगदी व्यवस्थित छापून येतो. रिकाम्या जागेचंही तसंच. पॅरॅडॉक्समध्ये रिकामा रकाना म्हणजे 'माहिती नाही', तर बहुतेक एसक्यूएल सर्व्हरांवर रिकामी अक्षरओळ आणि 'माहिती नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ज्यांचा फोन क्रमांक नाही असे सभासद' ही यादी नव्या जोडणीवर अर्धीमुर्धी येते ती यामुळे. फायरडॅकमध्ये या फरकासाठी खास पर्याय ठेवला आहे, यावरूनच हा खड्डा किती जणांना लागला असेल ते कळतं. त्यातून फायरडॅक पॅरॅडॉक्सची टेबलं थेट वाचतच नाही. म्हणजे ज्यांचा डेटा त्या टेबलांत होता, त्यांच्यासाठी जोडणी बदलणं म्हणजे डेटाबेसच बदलणं.

मराठीत डेटा असलेल्या कार्यालयांची अडचण इथं दुप्पट होते. युनिकोड रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर बहुधा फॉन्टच्या आधारानं साठवलेला आहे. पुण्याच्या सी-डॅकचे सुरेख, योगेश हे फॉन्ट, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, अशी अनेक घराणी. डेटाबेसच्या दृष्टीनं तिथं रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक असतात. त्या संकेतांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. बीडीईमध्ये 'लँग्वेज ड्रायव्हर' नावाची सेटिंग असे, आणि अक्षरांचा कोणता तक्ता धरायचा ते ती ठरवी. नव्या जोडणीनं वेगळा तक्ता गृहीत धरला, तर १२७ च्या पुढचे संकेत मुकाट्यानं बदलतात. मग जोडाक्षराचा अर्धा भाग नाहीसा होतो, नाहीतर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. शंभर नावं बरोबर दिसतात आणि एकशेएकावं बिघडलेलं असतं. हा घोळ कधीकधी वर्षभरानं लक्षात येतो, आणि तोवर जुनी फाइल पुसलेली असते.

यात सगळ्यात जपायची गोष्ट एकच आहे आणि तीच बहुतेकांकडून निसटते. कोणत्या रकान्याला कोणता फॉन्ट, ही माहिती डेटाबेसमध्ये नसतेच. ती जुन्या प्रोग्रामच्या पडद्यांच्या आणि अहवालांच्या मांडणीत असते. प्रोग्राम काढून टाकला की ती त्याच्याबरोबर जाते, आणि हाती उरतात फक्त निरर्थक रोमन अक्षरं. म्हणून जुना प्रोग्राम चालू असतानाच रकान्यागणिक फॉन्टची यादी करावी, मूळ संकेत एका वेगळ्या रकान्यात तसेच ठेवावेत आणि युनिकोडमधलं रूपांतर त्यांच्या शेजारी करावं. गावांची, माणसांची नावं यांच्या बाबतीत तरी डोळ्यांनी केलेल्या तपासणीला पर्याय नाही.

निवृत्तीची घोषणा झाली की धावत सुटायचं का, हा वेगळाच प्रश्न. ऑगस्ट २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, की आपल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसशी जोडणीचा ओएलई-डीबी हा मार्ग आता संपणार, २०१२ ची आवृत्ती ही त्याला साथ देणारी शेवटची, आणि सगळ्यांनी ओडीबीसीकडे वळावं. ओडीबीसीच्या जागी पुढची पायरी म्हणून ज्याची दशकभर जाहिरात झाली, तोच ओएलई-डीबी आता ओडीबीसीसाठी जागा सोडणार होता. अनेकांनी खर्च करून कोड बदलला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीनं निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये ओएलई-डीबीचा नवा ड्रायव्हर आणला.

बदल न करता बसून राहिले तेच शहाणे ठरले, असा निष्कर्ष यातून काढणं चुकीचं होईल. विंडोजसोबत येणारा जुना ओएलई-डीबी ड्रायव्हर टीएलएस १.२ ही सुरक्षित संवादाची पद्धत वापरू शकत नाही. टीएलएसच्या जुन्या आवृत्त्या बंद करायची वेळ आली, तेव्हा बसून राहिलेल्यांनाही नवा ड्रायव्हर घ्यावाच लागला. एसक्यूएल सर्व्हरचा 'नेटिव्ह क्लायंट' हा जुना ड्रायव्हर तर २०२२ च्या आवृत्तीतून गेलाच. या सगळ्या उलटसुलट घोषणांत ज्यांनी जोडणीचा कोड प्रोग्रामच्या एका कोपऱ्यात वेगळा ठेवला होता, त्यांचं नुकसान कमी झालं. ज्यांच्या प्रत्येक पडद्यात जोडणीची ओळ स्वतंत्र लिहिलेली होती, त्यांना प्रत्येक वळणावर सगळं घर उचकावं लागलं.

शोधायचं कुठे, हेही अनुभवानंच कळतं. कोडमध्ये शोध घेतला की संपलं असं नसतं. लेखा विभागातल्या कुणाच्या एक्सेलमध्ये डीएसएनवरून डेटा ओढणारी शीट असते. रात्री दोन वाजता चालणारं एखादं ठरावीक काम असतं, आणि ते लावणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. ६४ बिटच्या विंडोजवर तर ओडीबीसीची व्यवस्था पाहणारे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. दोघांचंही फाइलनाव 'ओडीबीसीएडी३२'. त्यातला ६४ बिटचा 'सिस्टिम३२' या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचा 'सिसवॉव६४' मध्ये. संगणकासाठी केलेला डीएसएन एकात दिसतो तो दुसऱ्यात दिसेलच असं नाही. म्हणून यादी करताना दोन्ही उघडून पाहावे लागतात. यादीची आणखी भरवशाची जागा म्हणजे खुद्द डेटाबेस सर्व्हर. कोणत्या यंत्रावरून कोणता प्रोग्राम जोडला जातोय याची नोंद तो देऊ शकतो. ती निदान एका महिनाअखेरीच्या आणि एका वर्षअखेरीच्या कामाच्या काळात घ्यावी, कारण वर्षातून एकदाच चालणारे अहवाल एरवीच्या नोंदीत सापडत नाहीत.

यादी झाली, नवा ड्रायव्हर बसला, की दोन्ही जोडण्या काही काळ शेजारी शेजारी चालवायच्या. एकच अहवाल दोन्हीकडून काढायचा आणि नोंदींची संख्या, रकमांच्या बेरजा, तारखांच्या कडा, अकारविल्हे क्रम असं सगळं ताडून पाहायचं. क्रम तर हमखास बदलतो, कारण अक्षरांची मांडणी प्रत्येक डेटाबेस आपापल्या तक्त्यानं करतो.

याच टप्प्यावर एक मोह टाळायला हवा. २०२२ मध्ये आलेल्या एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ नं संवादाची सांकेतिक गुप्तता मुळातच सक्तीची केली. जुना ड्रायव्हर काढून हा बसवल्याबरोबर अनेकांना 'प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही' अशी चूक आली. जोडणीच्या ओळीत 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' हा पर्याय 'हो' केला, की चूक लगेच जाते. मात्र समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे का, हे तपासणंही त्याबरोबर थांबतं. चाचणीच्या यंत्रावर एक दिवस हे चालेल. ज्या सर्व्हरवर लोकांचे पगार, आजार आणि कर्जं नोंदवलेली आहेत, तिथं आधी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र बसवावं आणि मगच जुना ड्रायव्हर काढावा. या कामाला एखादा दिवस जास्त लागतो, आणि तो वेळापत्रकात सुरुवातीलाच धरलेला असावा.